सिहाम राहायला आली ते एकोणीस दिवस

जॉर्डनमधल्या सल्त गावात ज्याच्या घरचं कुणी कधी आजारी पडलं असेल, त्याला इंतिसारचा आवाज माहीत होता. चेहरा माहीत असेलच असं नाही. एकतीस वर्षं ती इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसली. "इस्पितळ, बोला," हे दोन शब्द तिनं किती लाख वेळा म्हटले असतील, देव जाणे. पलीकडून कुणी नुसतं रडत असलं तरी तिचा आवाज हलायचा नाही. "वॉर्ड कुठला?" एवढंच ती विचारायची, आणि माणूस रडणं थांबवून वॉर्ड सांगायचा.

बाजारात तिनं "टोमॅटो कसे दिले?" म्हटलं, की हमखास एखादी बाई गर्रकन वळून बघायची. "अगंबाई, तुम्ही इस्पितळातल्या ना? माझा हातीम झाला तेव्हा तुम्हीच सांगितलंत घरी, मुलगा झाला म्हणून!"

"हो का? केवढा झाला आता?"

"केवढा काय, दाढी आली त्याला!"

मग ती बाई आपली पिशवी उचलून निघून जायची, आणि इंतिसार अर्धा किलो टोमॅटो घ्यायची. अर्धा किलो तिला आठवडाभर पुरायचे.

निवृत्त होऊन तिला दोन वर्षं झाली होती. वय छप्पन्न. लग्न झालेलं नव्हतं. इथं बाईला पहिला मुलगा झाला की तिचं स्वतःचं नाव मागं पडतं. ती कुणाची तरी उम्म होते, म्हणजे आई: उम्म हातीम, उम्म माजिद. नवरा तसाच अबू, म्हणजे बाप. मग मरेपर्यंत तेच. इंतिसारचं नाव कुणी मागं टाकलं नाही. दुकानदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला 'सित्त इंतिसार', म्हणजे इंतिसारबाई, म्हणत, अगदी मानानं. आणि ह्या मानाचं तिला आतून फार लागायचं.

आईवडिलांच्या मागं टेकडीवरचं घर तिला राहिलं. पिवळ्या दगडाचं, चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून जायचं. भाऊ नाही. धाकटी बहीण सिहाम समोरच्याच टेकडीवर दिलेली. मध्ये दरी आणि बाजार. बाल्कनीत उभं राहिलं की सिहामची गच्ची सरळ समोर दिसायची, तिची धुण्याची दोरी दिसायची. त्या दोरीवर इंतिसारनं तीस वर्षं नजर ठेवली. आधी लंगोट, मग शाळेचे गणवेश, मग माजिदची सैन्यातली विजार, मग पोरींचे झगमगीत कपडे. संध्याकाळी सिहामचा नवरा गाझी गच्चीवर येऊन शीळ घालायचा, आणि त्याची कबुतरं दरीवर गोल गोल फिरायची. इंतिसार चहाचा पेला घेऊन बघत बसायची आणि मनाशी म्हणायची, सिहाम सुखात आहे. आता, धुण्याच्या दोरीवरून संसार जोखणारी ती काही पहिली बाई नव्हे. पण दोरीवर कपडेच तेवढे दिसतात.

सप्टेंबर संपत आला होता. एका सकाळी दहाच्या सुमारास दार वाजलं. सिहाम उभी होती, धापा टाकत, हातात मोठी बॅग.

"काय गं? गाझीला बरं नाही का?"

"त्याला काय धाड भरल्ये! मी रुसून आल्ये."

"पन्नाशी उलटल्यावर?"

"मग कधी रुसू? आधी मुलांच्या शाळा होत्या."

इंतिसार बाजूला झाली आणि सिहाम बॅग ओढत आत आली. रुसलेल्या बाईनं बापाच्या घरी जायचं, आणि नवरा पाचसात वडीलधारे घेऊन न्यायला येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, ही इथली जुनी रीत. वीस-बावीसच्या पोरी तो मार्ग वापरतात आणि आठवड्याभरात सोन्याची बांगडी पदरात पाडून परत जातात. सिहामनं तो कधी वापरला नव्हता. आता वापरायला काढला तर बाप नऊ वर्षांपूर्वीच गेलेला. बापाचं घर म्हणजे आता इंतिसारचं घर.

पहिला चहा संपायच्या आत सगळी कहाणी बाहेर आली. ऑगस्टमध्ये सिहामच्या शेवटच्या मुलीचं लग्न झालं. आठवडा गेला नाही तोच गाझीनं त्या मुलीच्या खोलीतला पलंग बाहेर काढला आणि आजारी कबुतरांची खोकी आत मांडली.

"एक पांढरी मादी आहे. तिला म्हणे गच्चीवरचा वारा बाधतो. मी दारात उभी होते, तर तिला हातावर घेऊन सांगत होता, 'रूही, दोन दाणे तरी खा माझ्यासाठी.' रूही! माझ्या जिवा! इंतिसार, तीस वर्षांत मला तो काय म्हणतो ठाऊक आहे? 'ए, ऐकलंस का.' चारचौघांत 'उम्म माजिद'. मित्रांत तर नुसतं 'घरची मंडळी'. माझं नाव त्याला ठाऊक तरी आहे का, मला दाट शंका आहे."

"निकाहनाम्यावर लिहिलंय की."

"त्यानं वाचला असेल तर ना!"

दोघी हसल्या. सिहाम हसता हसता थांबली. "घरात आता आम्ही दोघंच, गं. मला वाटलं होतं, मुलं गेली की तो माझ्याकडे बघेल. बघायला दुसरं कुणी उरणारच नाही ना."

इंतिसारनं तिच्यापुढं जैतुनाची वाटी सरकवली. सांत्वन करायला तिला जमत नसे; फोनवर जमायचं, समोरासमोर नाही.

त्या दिवशी इंतिसारनं बाजारातून दीड किलो टोमॅटो आणले. दुकानदार म्हणाला, "सित्त इंतिसार, पाहुणे?" ती म्हणाली, "बहीण आल्ये राहायला," आणि हे सांगताना तिला इतका आनंद झाला की उरलेले पैसे घ्यायला ती विसरली.

ह्या बाईचं एक सांगून ठेवायला हवं. तिला आनंद झाला की ती आवराआवर करते. दुसऱ्या बायका गाणं गुणगुणतात, शेजारणीला हाक मारतात. ही फडकं घेते. सिहाम भांडी घासायची, ही ती पुन्हा घासायची. सिहाम पांघरुणं घडी करायची, ही ती उलगडून पुन्हा कोपऱ्याला कोपरा लावायची. मनात तिच्या चाललेलं असायचं, आज दोन पेले आहेत ओट्यावर, आज दोन ताटल्या आहेत, दारात सपातांचे दोन जोड आहेत, एक वाकडा एक सरळ. दुपारी सिहाम तुर्की मालिका लावून सोफ्यावर झोपायची आणि चक्क घोरायची, आणि इंतिसार टीव्ही बंद न करता खुर्चीत बसून ते घोरणं ऐकायची. तेवीस वर्षांची असताना ह्याच घोरण्यासाठी तिनं सिहामला उशी फेकून मारली होती. आता कुणी ते बंद केलं असतं तर ती भांडली असती.

पण तोंडानं एक अक्षर नाही. आणि सिहामला काय दिसत होतं? आपण घासलेली भांडी बहीण परत घासते.

बाराव्या दिवशी तिनं विचारलंच. "मी तुला अडचण होत्ये का गं?"

"अडचण कसली? घर तुझंही आहे." इंतिसार म्हणाली. पण म्हणाली ती बोर्डावरच्या आवाजात, 'वॉर्ड कुठला'च्या आवाजात. सिहामनं मान हलवली आणि मुद्दाम थोडं कमी जेवली.

त्यानंतर दोनच दिवसांनी मक्दूस घालायचा बेत झाला. बोटाएवढी वांगी उकडायची, पोटात अक्रोड, लसूण आणि लाल मिरची भरायची, उलटी दाबून पाणी काढायचं आणि बरणीत तेलात बुडवून ठेवायची. एकटीसाठी इंतिसार एक छोटी बरणी घालायची, कधी तीही नाही. ह्या खेपेस दोघींनी चार किलो वांगी आणली. स्वयंपाकघरात जमिनीवर चादर पसरली, आणि दोघी समोरासमोर बसून वांगी चिरायला लागल्या.

सिहामचा हात भराभर चालत होता आणि त्याहून भराभर तोंड. मुलींच्या सासवा झाल्या, माजिदच्या बायकोचा स्वयंपाक झाला, आणि मग बोलता बोलता ती म्हणाली, "तू मात्र नशिबाची. तुला एकदाच विचारलं, तू गप्प बसलीस, आणि सुटलीस."

"कशातून सुटले?"

"अगं, तो मुफीद. भूगोलाचा मास्तर."

इंतिसारची सुरी थांबली.

तीस वर्षांत हे नाव त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मुफीद इर्बिदला शिकवायचा. त्याची आई सल्तच्या इस्पितळात चाळीस दिवस होती, आणि चाळीस दिवस रोज पाच वाजता त्याचा फोन यायचा. वॉर्डात जोडून द्यायच्या आधी दोन मिनिटं. तिकडे थंडी आहे का? आज आवाज बसलाय तुमचा, सर्दी झाली का? बस्स, इतकंच. आई घरी गेली त्या दिवशीही पाचला फोन आला. "आता मी कुणाला जोडून मागू?" असं विचारून तो गप्प झाला. दोन आठवड्यांनी त्याच्या घरच्या बायका मागणी घेऊन आल्या. वडिलांनी इंतिसारला शेगडीपाशी बसवून विचारलं. तिनं मान खाली घातली आणि एक शब्द बोलली नाही. पोरगी गप्प बसली की तिचा होकार, हे इथं शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. तोंडानं हो म्हणणारी उथळ. ती रात्रभर आनंदानं जागी होती. दुसऱ्या दिवशी वडिलांनी निरोप धाडला: नशिबात नाही.

का नाही, हे तिनं विचारलं नाही. तिचं तिनं ठरवलं. तेव्हा घर तिच्या पगारावर चालत होतं. बापाला पगार सोडवला नाही, असं तिनं पक्कं केलं आणि गिळलं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षं तिनं त्यांना चमच्यानं भरवलं, कूस बदलली, सगळं केलं. फक्त गोड शब्द एकही दिला नाही. तेही बिचारे मागायला धजले नाहीत.

"सुटले म्हणजे काय?" तिनं पुन्हा विचारलं.

"तुला नको होता ना तो? मी दाराआड होते की. आई म्हणाली, 'गप्प आहे म्हणजे हो.' तर बाबा म्हणाले, 'छे गं! ही पोरगी अख्खं इस्पितळ जिभेवर नाचवते. हिला हवा असता तर बोलली असती. माझ्या लेकीवर मी जबरदस्ती करणार नाही.' आई पुष्कळ सांगत होती, पण बाबा ऐकेनात. मला इतकं कौतुक वाटलं तुझं! म्हटलं, हे बरंय. नको असेल तर गप्प बसायचं. म्हणून वर्षानं गाझीकडचे आले, बाबांनी मला विचारलं, तर मी पण गप्पच बसले. तुझं बघून."

"मग?"

"मग काय! मी मुळातच मुखदुर्बळ. बाबा म्हणाले, लाजली. संध्याकाळी मिठाई वाटली." सिहामनं वांग्यात बोटानं मिरची दाबून भरली. "आणि काही वाईट नाही गं तो. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण मला नको होता."

इंतिसारनं हातातलं वांगं चादरीवर ठेवलं. मग म्हणाली, "मला हवा होता."

"कोण?"

"मुफीद. मी हो म्हणत होते, सिहाम."

सिहामचं तोंड उघडं राहिलं. चादरीवर वांग्यांचा ढीग, लसणाचा वास, आणि दोन म्हाताऱ्या होत आलेल्या बायका एकमेकींकडे बघतायत. आधी सिहामला हसू फुटलं. असं फुटलं की तिला ते आवरेना, तिखटाचा हात डोळ्याला लागला, आणि मग ते हसणं होतं की रडणं हे तिचं तिलाही कळेनासं झालं.

"म्हणजे बाबांनी आपल्याला बोलावून नीट विचारलं," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि दोघींचंही उलटं ऐकलं!"

"ऐकलं कुठं? आपण बोललोच नाही."

त्या दिवशी दोघींनी उरलेली वांगी भरली ती जवळजवळ मुकाट्यानं. शेवटी सिहाम म्हणाली, "मी दोरीवर कपडे घालताना तू बाल्कनीत चहा घेऊन बसलेली दिसायचीस. मला वाटायचं, ही किती सुखी. हिला कुणी विचारत नाही, जेवायला काय म्हणून."

"मला कुणी विचारत नाही, जेवायला काय म्हणून," इंतिसार म्हणाली.

सिहामनं चादरीवरची देठं गोळा केली. मग इंतिसारनंच विचारलं, "नावानं हाक मार, असं गाझीला तू कधी सांगितलंस?"

"हे काय सांगायचं असतं?"

दुसऱ्या दिवशी इंतिसार एकटीच कब्रस्तानात गेली. वडिलांच्या दगडावरची धूळ तिनं ओढणीनं पुसली, वाळकं गवत उपटलं, पुन्हा एकदा दगड पुसला. बोलायचं होतं खूप. शेवटी ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी तुमच्यावर उगाच रागावले." नऊ वर्षं उशिरा. तिथं तिला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं, कारण बघायला कुणी नव्हतं. परत येताना चौऱ्याऐंशी पायऱ्यांवर तिला सारखं वाटत होतं, की वर घरात कुणीतरी आहे. आणि खरंच होतं. तिनं मनाशी पक्कं ठरवलं की सिहामला आता जाऊ द्यायचं नाही. वडिलांची खोली तिला द्यायची, पुढच्या खेपेस आठ किलो वांगी आणायची. फक्त हे तिला सांगायचं राहिलं. उद्या सांगू, असं तिनं चार दिवस केलं.

एकोणिसाव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर सात पुरुष पायऱ्या चढून वर आले. पुढं हाजी अबू नायिफ, गावातल्या निम्म्या रुसव्यांचा निकाल लावलेला माणूस. मागं गाझीचे दोन भाऊ, दोन शेजारी, माजिद, आणि सगळ्यांत शेवटी गाझी. दाढी गुळगुळीत, लेकीच्या लग्नातला सूट अंगावर, आणि बाहीला एक पांढरं पीस.

इंतिसारनं आदल्या दिवशीच झर्का शहरातल्या चुलतभावाला फोन केला होता, की असे असे लोक यायचेत, घरात पुरुषमाणूस हवा. तो म्हणाला, "इंतिसार, मला ड्युटी आहे, आणि खरं सांगू, तू एकटी आम्हा सगळ्यांना भारी आहेस. तूच बघ." म्हणून तीच बैठकीत बसली, वडिलांच्या जागी.

वेलदोड्याच्या कॉफीचे सात पेले तिनं मांडले. हाजींनी आपला पेला उचलला, आणि ओठाला न लावता पुढ्यात ठेवून दिला. बाकी सहांनी तसंच केलं. मागणीला आलेले असोत की मन वळवायला, घरधनी "कॉफी प्या" म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही. घरधन्यानं म्हटलं आणि पाहुणा प्यायला, की शब्द दिला गेला. तो मग फिरत नाही. लहानपणी दोघी बहिणी दाराच्या फटीतून बघायच्या, बाबा ते शब्द म्हणतात की नाही.

हाजी म्हणाले, "बाई, घर तुझं, शब्द तुझा. अबू माजिदचं चुकलं. त्याला मान्य आहे. कबुतरं त्यानं खोलीतून हलवली."

"ती आजारी होती, म्हणून..." कोपऱ्यातून गाझी म्हणाला. हाजींनी नुसतं वळून बघितलं.

"तिला विचारून येते," इंतिसार म्हणाली.

आतल्या खोलीत सिहाम पलंगाच्या काठावर बसली होती. बॅग भिंतीशी तशीच होती, ना भरलेली ना रिकामी. इंतिसारनं दार लोटून घेतलं.

"तोंडानं सांग," ती म्हणाली. "गप्प बसायचं नाही. आपल्याला गप्प बसणं परवडत नाही."

सिहामनं मान वर केली. "तू सांग. मी काय करू?"

हा तो क्षण होता. इंतिसारला म्हणायचं होतं, राहा, एवढाच शब्द. पण लगेच मनात आलं, हा माझा लोभ आहे. हिला तीन मुलं आहेत, नातवंडं होतील, नवरा सूट घालून आलाय. माझ्या रिकाम्या घरापायी मी हिचा संसार मोडू? आणि लोभाच्या मागं आणखी एक गोष्ट होती, तिला नाव द्यायचं तर मान. छप्पन्न वर्षं जिनं कुणापुढं हात पसरला नाही, तिनं आज धाकट्या बहिणीपुढं पसरायचा?

"तुझं तू ठरव," ती म्हणाली. "माझं काय, मी एकटी राहून सरावल्ये."

आवाज बोर्डावरचा. कुठंही हलला नाही.

सिहामनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "मग जाते," ती म्हणाली, आणि बॅग उघडली.

इंतिसार बैठकीत परत आली तेव्हा कॉफीची वाफ विरली होती. सातही माणसांनी माना वर केल्या.

"एक अट आहे," ती म्हणाली.

"बांगडी?" हाजी समजूतदारपणे म्हणाले.

"बांगडी नको. गाझी, तिला नावानं हाक मार. इथं, ह्या सगळ्यांसमोर."

खोलीत कुणीतरी खाकरलं. गाझीच्या थोरल्या भावानं छताकडे बघितलं. परक्या पुरुषांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे गाझीच्या पिढीला भर बाजारात सदरा काढल्यासारखं. गाझी कानापर्यंत लाल झाला.

"सित्त इंतिसार, मी घरी गेल्यावर..."

"इथं."

हाजी आधी काही बोलणार होते. मग त्यांनी दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "अबू माजिद, तुझ्या कबुतरांची नावं तर सगळ्या गल्लीला पाठ आहेत."

शेजाऱ्यांपैकी एकाला हसू आवरेना. माजिद बापाकडे बघत होता, आणि त्या बघण्यात थट्टा नव्हती. त्यालाही ऐकायचं होतं. गाझी उठला. दोनदा तोंड उघडून त्यानं मिटलं. आणि मग, आतल्या दाराकडे बघत, फुटक्या आवाजात म्हणाला, "सिहाम. सिहाम, घरी चल."

आत काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सिहाम बाहेर आली, डोक्याला रुमाल बांधलेला, बॅग हातात, डोळे लाल. ती गाझीकडे बघत नव्हती. पण बॅग त्यानं घेतली तेव्हा तिनं सोडली.

"कॉफी प्या," इंतिसार म्हणाली.

सातही जणांनी ती गार कॉफी एका घोटात संपवली. हाजींनी देवाचे आभार मानले, सगळे एकदम बोलायला लागले, एकमेकांच्या खांद्यावर थापा पडल्या. सिहामनं बहिणीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाली, "मक्दूसला पंधरा दिवसांनी तेल लागेल बघ." आणि सगळ्यांच्या पुढं पायऱ्या उतरायला लागली.

हाजी उंबऱ्यात बूट घालत होते. "देव तुला उदंड आयुष्य देवो, बाई," ते म्हणाले. "आज तू बापाची जागा चालवलीस."

"मला ती जागा नको होती," इंतिसार म्हणाली.

हाजी वाकलेले तसेच थांबले.

"मला सिहाम हवी होती. हे एकोणीस दिवस मी सुखात होते. मला ती घरात हवी आहे. तिचं घोरणंसुद्धा हवंय मला."

हे तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. ह्या आवाजाला ना पट्टी होती ना ताबा, आणि तो अख्ख्या जिन्यात ऐकू गेला. पुरुष आपापल्या बुटांकडे बघायला लागले. खाली दहा-बारा पायऱ्यांवर सिहाम थांबली. ती वळली. गाझीला हातानं बाजूला करत, भिंतीला धरत ती परत वर आली, आणि इंतिसारचं तोंड तिनं दोन्ही तळव्यांत घेतलं.

"हे आत्ता सांगतेस?" ती म्हणाली.

सिहामनं तिच्या खांद्यावरून आत बघितलं. सातही पेले रिकामे होते.

सिहामनं तिचा चेहरा सोडला, रुमालाची गाठ सारखी केली आणि उतरायला लागली. जिना लांब आहे. ती खाली पोचेपर्यंत इंतिसार दारात उभी होती.